दाराची तक्रार

होटगी रोडच्या इस्पितळातून फोन आला,
ऑपरेशन थेटरचं दार शिट्टी मारतंय,
लावलं की आपोआप बोटभर उघडतंय.
सुतार येऊन गेला, तेल घालून झालं,
कुणी म्हणालं बिजागरी, कुणी म्हणालं वास्तू,
मग कुणाला तरी आठवलं
हवेचा माणूस वेगळा असतो.

हवेचा माणूस म्हणजे मी, श्रीहरी गज्जम.
एक पाना, एक दाबमापक,
खिशात पांढऱ्या सुताची गुंडाळी.

मे महिना. बाहेर डांबर चपला ओढून घेत होतं.

भिंतीत खाली, जमिनीपासून वीतभर वर,
स्टीलच्या चौकटीत एक पातं झुलतं.
त्याच्या दांडीवर, आटे पाडलेल्या सळईत,
सुपारीएवढं वजन.
वायर नाही, मोटर नाही, दिवा नाही.
खोलीत गाळलेली हवा भरत राहते,
बाहेरचं काही आत येऊ नये
म्हणून आतली जरा जास्त ठेवायची.
जरा म्हणजे पंधरा पास्कल,
थाळीत दीड मिलिमीटर पाणी ओतलं तर
थाळीच्या बुडाला जेवढं कळेल तेवढं.
त्याहून चढलं की पातं उचलतं स्वतःला,
वरचं तेवढं बाहेर सोडतं.
आणि कुणी स्ट्रेचर घेऊन दार ढकललं
तर तत्क्षणी मिटतं,
कारण त्या वेळी सगळी हवा
दारातच उभी राहायला हवी.

इथे मात्र पात्यावर चिकटपट्टी.
जखमेची पांढरी पट्टी, चार पदरी,
कोपरे कात्रीनं गोल केलेले.
बिराजदार सिस्टर म्हणाल्या, मीच लावली.
रात्रभर टकटक करायचं हो ते,
आणि एवढी गार हवा चालली बाहेर,
बिल कोण भरणार?
सोलापुरात, मे महिन्यात,
गार हवा चालली म्हणणाऱ्या बाईशी
मी काय भांडणार.

मापकाचा काटा एकतीसवर.
वाट मिळेना म्हणून हवा दाराच्या फटीतून
शिट्टी वाजवत निघाली होती.

आमच्या घरी वाऱ्याला गाली म्हणतात,
शेजारच्या कन्नड घरात गाळी.
तिसरीत मी वर्गात म्हणालो, सर, गाली येतेय,
तर सरांनी विचारलं, कुणी दिली?
हे सांगितल्यावर नान्ना पोट धरून हसले होते,
हात मात्र बीमवरच.
दत्तनगरची शेड, सात नंबरचा माग,
मागे साखळीला लोंबणारी बिडाची वजनं.
ताणा तटातट तुटायला लागला की एक काढायचे,
सैल पडला की घालायचे,
मग थोडं थांबून पुन्हा काढायचे.
मला म्हणायचे, तू बघू नकोस, ऐक.

पट्टी सोलली. डिंक बेंझिननं पुसला.
पातं दोनदा दचकलं.
चौकटीची रबराची कड झिजून गेली होती,
टकटक तिचीच. नवी बसवली.
मग डोळे मिटून वजन सरकवलं,
एक आटा, आणि अजून अर्धा,
आणि तो अर्धा परत मागे.
काटा उतरला, पंधराजवळ येऊन
इकडे तिकडे बघून बसला.
दार लागलं. गप्प.

दाराखाली सुताचा वीतभर तुकडा चिकटवला.
तो कॉरिडॉरच्या बाजूला कलला आणि तसाच राहिला.
सिस्टर गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या.
एवढंच?
एवढंच.

खाली अकाउंटवाल्यांनी विचारलं, पार्ट कुठला बदलला?
मी लिहिलं: रबर, एक मीटर.
वजन सरकवलं, एक आटा.
ते म्हणाले, सरकवण्याचे पैसे कसे लावायचे?

रात्री जेवताना सिस्टरचा फोन,
तुमचा दोरा राहिलाय इथे.
अजून बाहेरच बघतोय.
काढू का?